कुंकवाखालचा कागद

माय, तुझा चेहरा मला आठवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला कळेल. तुझे पीठ लागलेले हात आठवतात, चुलीपुढे बसून मला मारलेली हाक आठवते, पाठीत घातलेले धपाटेसुद्धा जागच्या जागी आठवतात. चेहरा तेवढा गेला. तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते, आता माझेच केस पिकायला लागलेत. तुझा म्हणून घरात एकच काळा-पांढरा फोटो आहे, हट्टा गावी मावशीच्या लग्नात काढलेला. बाबा सांगतात, त्यात तू फोटोवाल्याकडे अशी बघतेस, जणू ह्याला घरी काही काम नाही का. ते सांगतात म्हणून माहीत. मला त्या फोटोत दिसतं ते फक्त पसरलेलं कुंकू.

गावातल्या बायका अजून म्हणतात, भाग्याची होती, भरल्या कपाळानं गेली. मला त्या भाग्याचा लहानपणापासून राग येतो. पण बाबांनी ते मनावर घेतलं. घरात दुसरी बाई नाही, म्हणून आंघोळ झाली की बाबाच आदल्या दिवशीचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसायचे आणि ओल्या बोटानं तुझ्या फोटोला नवं लावायचे. आधी फ्रेमला काच होती. एके दिवशी त्यांनी खिळे उचकटून ती काढून टाकली. मी विचारलं तर, मलाही मायच म्हणणारे बाबा म्हणाले, "काचेवर लावलं तर काचेलाच लागते माय, तिला न्हाई." मी शाळेत जाणारी पोर, मला ते अगदी बरोबर वाटलं. खरं तर अजूनही वाटतं, तिथेच सगळी पंचाईत आहे.

या पावसाळ्यात त्यांचा एक डोळा गेला आणि दुसऱ्यालाही अंधारी यायला लागली. मी हिंगोलीत कॉलेजच्या पोरांना कंप्युटर शिकवते, आणि कंप्युटरला काहीही येतं अशी बाबांची पक्की समजूत आहे. मी पुसेगावला घरी गेले तेव्हा त्यांनी फोटो खिळ्यावरून काढून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "डोळे हायेत तवर एकदा तिचं तोंड नीट पाहू दे." आजवर त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणून बसले.

कंप्युटरवर पायथन नावाची एक भाषा आहे. तिच्यात फोटोचं काम करायचं तर दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या लायब्ऱ्या उतरवून घ्याव्या लागतात. तुला सांगायचं तर शेवेसाठी शेजारून सोऱ्या आणायचा, तसं. माझ्या मशीनवर पायथन जुनं, आणि उतरवली ती लायब्ररी नव्या पायथनची. स्क्रीनभर लाल अक्षरं. दुपारभर कॉलेजात बसून मी एक काढतेय, दुसरी टाकतेय, मध्येच फोनचं नेट जातंय, आणि एकाएकी आपलं स्वयंपाकघर समोर येतं. दिवाळी तोंडावर आलीय, बेसन भिजवून तयार आहे, तेल तापलंय, आणि मी पळत जाऊन आणलेल्या सोऱ्यात आपली चकती काही केल्या बसत नाही. तू कढई खाली उतरवतेस. मला वाटतं, आता धपाटा. पण तू फक्त म्हणतेस, "मागून आणलेलं आधी बसवून पाहा लागते, मंग पीठ भिजवा लागते." मग त्याच पिठात कांदा चिरून घालून तू भजी तळलीस आणि शेवेचं नाव कुणी काढलं नाही. ते आठवून मी केलेलं सगळं काढून टाकलं. आधी पायथन नवं केलं, मग त्याला बसतील अशाच लायब्ऱ्या मागवल्या, एक फोटो उघडणारी आणि एक त्यावर काम करणारी. दोन्ही बसल्या. कुणाला सांगू असं झालं मला.

घरीच फोनवर काढून आणलेला तुझ्या फोटोचा फोटो मी आत घेतला. कंप्युटरला रंगीत चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या थरांत वेगळं करता येतं. नुसता लाल थर पाहिला की लाल डाग फिका पडून विरून जातो आणि त्याच्याखालचं काळं-पांढरं वर येतं. मी ओळ लिहिली, एंटर दाबलं. कुंकू गेलं. खाली काहीच नव्हतं, माय. कपाळ नाही, भुवया नाहीत, डाव्या डोळ्याचा वरचा भाग नाही, नुसता कोरा कागद. रोज पुसून, रोज ओलं बोट लावून बाबांनी तुला कागदावरून काढून टाकलं होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारचे सर विचारायला आले, तेव्हा म्हटलं की लायब्ररी चालत नाहीये.

मग मी पोरांना जे शिकवते तेच केलं. गेलेली जागा रंगवून दाखवली की लायब्ररी आजूबाजूचं बघून ती भरून काढते. उजवा डोळा उलटवून डावीकडे बसवला. भुवया माझ्या फोटोतून घेतल्या, कारण त्या तुझ्यावर गेल्यात असं मावशी म्हणते. एक बाई तयार झाली. दिसायला चांगली होती. तुझ्यासारखी होती का, ते मी कशावरून सांगणार?

अविधवा नवमीला सकाळीच लॅपटॉप घेऊन गावी गेले. पितृपक्षातला हा दिवस तुझ्यासारख्या नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा. बाबांनी हळदी-कुंकवाचं ताट मांडून ठेवलं होतं. मी लॅपटॉप पुढे केला. ते नाक टेकेल इतके वाकले. मग हळूच म्हणाले, "मी जित्ता हाय न माय अजून? मंग तिचं कपाळ काहून पांढरं केलं?" कुंकू काढायच्या नादात, कुंकवाशिवाय तू कशी दिसशील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी बोट पाण्यात बुडवलं, कुंकवाला लावलं आणि चाचपडत स्क्रीनवर तुझ्या कपाळी टेकवलं. मागे सरून पाहिलं. "बराबर," म्हणाले, "ह्यीच." आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

मला बरं वाटायला हवं होतं. पण ते 'न्हाई' म्हणतील अशी मला आशा होती. ही तुझी माय न्हाई असं म्हणाले असते, तर तुझा खरा चेहरा निदान त्यांच्याजवळ तरी आहे, हे मला कळलं असतं. आता तो कुणाजवळच नाही. डोळे मिटले की आता मलाही तीच बाई दिसते, माझ्या भुवयांची, उलटवलेल्या डोळ्याची. आधी तिथे काहीच नव्हतं, पण ती रिकामी जागा तरी तुझी होती.

हे बाबांना मी सांगणार नाही. तुला लिहिलं, पण ते धाडायचं कुठे? आणखी एक सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून मी स्क्रीन पुसलेली नाही. वर्गातली पोरं विचारतात, मॅडम, हा डाग कसला, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. हे लिहितानाही ओळ त्या डागाखाली गेली की अक्षरं दिसत नाहीत, मग मी ओळ वर सरकवून घेते. फडकं खणातच आहे. ते ओलं करायला हात धजत नाही.