आकाशच्या नावावर

मी, सत्यभामा साहेबराव त्रिभुवन, विधवा, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्याही धाकाशिवाय, माझ्या पश्चात काय व्हावं ते इथं ठरवून ठेवते.

१. राहतं घर मुलगी सुलेखा हिला. तिनं विकलं तरी माझी हरकत नाही. इथं तिला भावाशिवाय दुसरं काही आठवत नाही.

२. शिलाई मशीन शेजारीण रुक्सार हिला. आकाश गेला तेव्हा ‘दारू पिऊन गाडी चालवली’ म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीतलं कुणी दारात येईना. ही रोज चहा घेऊन यायची.

३. माझा मुलगा आकाश वाळूजहून कामावरून येताना अपघातात गेला. मोटारसायकलवर सोबत त्याचा मित्र इंद्रजीत होता, तो वाचला. गाडी आकाश चालवत होता, असा जबाब त्यानं पोलिसांत दिला. माझ्या हातचं जेवून मोठा झालेला पोरगा. मी खरं मानलं. लेकाच्या कबरीपाशी बसून लेकालाच बोल लावला.

मागच्या वर्षी उपासनेत इंद्रजीत साक्ष द्यायला उभा राहिला. “दारू मी प्यालो होतो, गाडी मी चालवत होतो. तरी प्रभूनं मला तारलं,” म्हणाला आणि रडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकांनी मिठी मारली. मी तिथंच बाकावर होते. माझ्याकडं कुणी वळून पाहिलं नाही.

बाहेर मी त्याला गाठलं. “हेच पोलिसांत सांग.”

“मावशी, प्रभूनं माझं समदं पुसून टाकलंय. आता मागचं कशाला?”

“तुझं पुसलं. माझ्या आकाशच्या नावावरचं?”

तो निघून गेला. पाळक म्हणाले, “बाई, देवानं माफ केलं. तुम्ही कोण अडवणाऱ्या?”

मी अडवत नाही. तारण कर्मांनी नाही, विश्वासानं मिळतं, हे रविवारच्या शाळेत त्या दोघांना मीच शिकवलं. त्याचं तारण झालंही असेल. मीसुद्धा त्याच कृपेवर जाणार. माझ्याजवळ दुसरं काही नाही. पण वधस्तंभावरच्या चोरानं शेजारच्या येशूला आधी निर्दोष म्हटलं, मग स्वतःसाठी मागितलं.

४. जबाब बदलेपर्यंत इंद्रजीतनं माझ्या पेटीला खांदा देऊ नये. ‘बाईंनी त्याला क्षमा केली’ असं पाळकांनी माझ्या अंत्यविधीत म्हणू नये. क्षमा करायला बळ मिळावं म्हणून मी रोज गुडघे टेकते. मिळालं, तर हे कलम मीच खोडून बाजूला सही करीन.

दोन्ही साक्षीदारांदेखत वाचून सही केली.

सत्यभामा साहेबराव त्रिभुवन

साक्षीदार : धोंडिबा कडुबा साळवे
साक्षीदार : मनकर्णाबाई दगडू भालेराव

छत्रपती संभाजीनगर, १२ फेब्रुवारी २०२५

खाडाखोड : नाही