वायरीवरचा काळा मणी

प्रिय ताई,

बारा नंबर खाटेवरचे आजोबा गेले तेव्हा त्यांच्या मॉनिटरचा अलार्म तू बंद केला होतास, अशा आरोपावरून सोमवारी तुझी चौकशी आहे, आणि मी तुला कीबोर्डाची गोष्ट सांगायला बसलोय. चिडशील. चीड, पण शेवटपर्यंत वाच. शेंडेफळाचा एवढा हट्ट पुरव.

माझं काम सांगू लागलो की तू जांभया द्यायचीस. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, काहीही चालू असलं की थोडे रेडिओ तरंग बाहेर सांडतं. ते मर्यादेत आहेत ना, एवढंच मी बघतो. दार लावलं की मोबाईल मुका होतो अशी आमची खोली. मधोमध टेबल सावकाश फिरतं, समोर अँटेना खाली-वर होते, आणि मी बाहेर बसून आलेखावर डोळे लावतो. तुझ्या भाषेत, रेघा बघायचा पगार.

गेल्या वर्षी एक कीबोर्ड आला. त्याची रेघ एका ठिकाणी मर्यादेच्या वर गेली. दोष वायरीचा आहे का ते कळावं म्हणून मी वायरीवर एक काळा मणी चिमट्यासारखा अडकवला. असा मणी तरंग अडवतो. रेघ लगेच खाली बसली. आता मणी काढायचा आणि कंपनीला दोष कळवायचा, हे आमच्याकडे नवशिक्यालाही ठाऊक असतं. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. परत आलो आणि शेवटची चाचणी मणी न काढताच घेतली. कीबोर्ड पास झाला. आठवड्याने नमुना परत पाठवताना मण्यावर हात पडला. अहवाल गेलेला होता. मी मणी खिशात टाकला आणि तोंड शिवून घेतलं.

तुला सक्तीच्या रजेवर धाडल्यावर तुझं सामान आणायला मीच वॉर्डात गेलो होतो ना? टेबलावर त्याच मॉडेलचा कीबोर्ड होता, तुमच्या बिनतारी मॉनिटरच्या रिसीव्हरला अगदी चिकटून. वायरीवर मणी नव्हता. तुझ्या जागी आलेल्या सिस्टर टाइप करू लागल्या आणि मॉनिटरच्या पडद्यावरची एका पेशंटच्या ठोक्यांची रेघ पुसली गेली. हात थांबले तशी परत आली. अलार्म वाजलाच नाही, त्यामुळे कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

खरं कारण मला तिथेच कळलं. तरी काल फोनवर तू रडत म्हणालीस, कदाचित मीच बंद केला असेल रे, मला आता आठवतही नाही, तेव्हा मी काय म्हणालो? दमल्यावर होतं माणसाकडून. ताई, हे मी म्हणालो. मला जोड्याने मार.

हे पत्र तुझी समजूत काढायला लिहिलेलं नाही. हे सोमवारी समितीपुढे ठेव. मागच्या पानावर अहवालाचा क्रमांक आणि माझी सही आहे, पाकिटात तो मणी आहे. तो वायरीवर लावून आणि काढून मॉनिटर बघायला सांग त्यांना. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. आजोबांच्या लेकीसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू, ते मात्र सुचत नाही. अलार्म तू बंद केला नव्हतास, ताई. तो वाजलाच नाही, आणि का वाजला नाही हे मला चार दिवस ठाऊक होतं.

तुझाच,
शेंडेफळ