ताजा दाखला

१२ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? तेल लावून घेता की नुसती बाटलीच उशाशी ठेवता? मी बरी आहे. वृद्धाश्रमातलं काम नेहमीचंच. सकाळी आजी-आजोबांच्या आंघोळी, दुपारी औषधं, संध्याकाळी पाय ओढत घर.

फोनवर लग्नाचं सांगितलं तेव्हा तुम्ही ‘बरं’ एवढंच म्हणालात आणि फोन ठेवलात. म्हणून लिहायला बसले. पत्र मध्येच ठेवून दिलं तरी ते पुन्हा उचलता येतं.

तो सुतार आहे हे मागे बोलले होते. आश्रमाच्या खिडक्या बसवायला आला होता. खिडक्या बसल्या, तरी ‘जरा बघून जातो’ म्हणत येत राहिला. आजी लोकांच्या आधी लक्षात आलं, माझ्या नंतर.

आम्हाला वाटलं, दोघंही कळत्या वयाची, आता फक्त सह्या करायच्या. नोंदणी कचेरीत गेल्यावर पाय जमिनीवर आले. माझ्या जन्मदाखल्यावर नावच नाही, नुसतं ‘मुलगी’. खिडकीवरची कारकून म्हणाली, ही मुलगी तुम्हीच कशावरून? मी म्हटलं, सांगणारी आई होती, ती गेली. मग शाळेचा दाखला, वकिलातीतलं प्रतिज्ञापत्र, त्यांची भाषांतरं, भाषांतरावर शिक्का, असं करत ते एकदाचं निभावलं.

अडलंय ते दुसरीकडे. यांच्या मृत्यूचा दाखला मी इकडे येतानाच बरोबर आणला होता. पण तो जुना झाला म्हणे, सहा महिन्यांच्या आतला हवा. मी विचारलं, गेलेला माणूस सहा महिन्यांत परत येतो का? ती हसली नाही. तेव्हा नगरपालिकेतून नवा काढून, त्यावर वरच्या कचेरीचा शिक्का घेऊन पाठवावा लागेल. हे काम तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगतेय, ते माझं मला माहीत. पण यांचं तिकडे तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि माझंही.

त्याचाही एक कागद अडला होता, पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा. त्याच्याकडची प्रत हरवलीय, बायकोकडची आहे. म्हणजे पहिल्या बायकोकडची. ती शहरात बस चालवते. त्याने फोन केला, तर लगेच आणून देते म्हणाली. दोघं फोनवर बराच वेळ हसत होती. मला इथली भाषा बेताची येते, पण हसणं सगळं कळतं.

असो. बाई चांगली आहे. माझी काही तक्रार नाही.

तुमची,
वहिनी


३० मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

दाखला पोचला. शिक्के सगळे जागच्या जागी आहेत. दुखऱ्या गुडघ्याने किती जिने चढलात, ते तुम्ही लिहिणार नाही आणि मी विचारलं तरी सांगणार नाही. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ लिहिलीत: ‘कारकुनाने विचारलं कशाला हवा, सांगितलं, आमच्या वहिनीच्या लग्नाला.’ ती वाचली आणि गॅसवरची भाजी करपली.

इथे मात्र नवंच निघालं. कागद पुरे झाल्यावर कचेरीला संशय आला की हे लग्न खोटं आहे, मला इथे राहायला मिळावं म्हणून केलेलं. वयात अंतर आहे, भाषा एक नाही, ओळख वर्षा-दीड वर्षाची. म्हणून आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांबद्दल विचारणार आहेत. कोणत्या कुशीवर झोपतो, कोणतं औषध घेतो, लहानपणी कुठे राहायचा, असलं सगळं. उत्तरं जुळली तर लग्न, नाही तर मला परत पाठवतील.

त्याला विचारावं तर तो मुखदुर्बळ. लाकडाबद्दल तासभर बोलेल. स्वतःबद्दल विचारलं की खांदे उडवतो. त्याने परस्पर बसवालीला बोलावलं. म्हणाला, तिला माझं सगळं माहीत आहे, ती तुला शिकवेल.

आली. गणवेशातच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सवत म्हणावी तर ती नाही, पाहुणी म्हणावी तर घराची माझ्यापेक्षा जास्त माहितगार. चमचा हवा होता, तर मला न विचारता अडकणारा खण नेमका खालून ढकलून उघडला. तो खण उघडायला मला महिना लागला होता. मग टेबलापाशी बसून एकेक सांगत गेली. उजवा खांदा शिडीवरून पडून दुखावला. मधमाशी चावली की घसा सुजतो. झोपताना मोजे काढत नाही. बाप त्याच्याशी वर्षानुवर्षं बोलला नाही आणि शेवटच्या आजारपणात याच्याच हातून जेवला. हे शेवटचं सांगताना तिचा आवाज बसला.

मी कांदा चिरत होते, ते बरं झालं.

वन्सं, मी दीड वर्षात त्याच्या बापाबद्दल एक अक्षर ऐकलं नव्हतं. माझा माणूस मी तिच्याकडून पाठ करत होते, परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारणीची वही उतरवून घ्यावी तसा. आणि ती मन लावून शिकवत होती. चुकलं की पुन्हा विचारायची, बरोबर आलं की पाठीवर थोपटायची. तिने थोडा कुजकटपणा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

ती गेल्यावर मी त्याच्याशी कडाकडा भांडले. मराठीत. त्याची एक सोय असते, मन मोकळं होतं आणि समोरच्याला काही कळत नाही. म्हटलं, तिच्याशीच कर लग्न पुन्हा, कागद तरी कमी लागतील. तो ऐकत उभा राहिला. मग काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय. त्याने गोळी आणून दिली.

तुम्हाला हे लिहू नये, कळतं. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

तुमची,
वहिनी


९ मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. रागावला असाल तर तसंही चालेल, पण हे पूर्ण वाचा.

चौकशी झाली. अधिकारी बाई होती, सर्दीने बेजार. माझ्यासाठी फोनवर मराठी दुभाषी दिली होती, आवाजावरून माझ्याच वयाची वाटली. बाईंनी विचारायचं, मी धडाधड सांगायचं. खांदा, मधमाशी, मोजे, सगळं. एकदाही अडखळले नाही. तिथेच चुकलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हे तुम्हाला कुणीतरी पढवलंय.

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. सांगून टाकलं, त्याच्या पहिल्या बायकोने.

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग विचारलं, “आणि तुम्हाला ते कसं वाटलं?”

वन्सं, मला वाटतं माझ्या आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी जी सुरू झाले ती थांबेना. सांगितलं की अंगाचा तिळपापड झाला. तिने त्याला तिशीच्या आत पाहिलाय, दोन्ही खांदे धड असताना, आणि मला उरलासुरला मिळालाय याचा राग येतो. त्याच्या बापासाठी तिचा आवाज बसतो, तेव्हा वाटतं ते रडणं माझं होतं, हिने आधीच रडून घेतलं. ती घरात येऊन गेली की मी खुर्ची पुसते. घाण झालेली नसते, तरी पुसते. बस दिसली की आत कोण आहे बघते, आणि ती नसली तरी माझा दिवस बिघडतो.

दुभाषी मध्येच थांबली. हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, हे सगळं सांगू?”

म्हटलं, “सगळं सांगा.”

तिने सांगितलं. बाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, त्याला हे माहीत आहे का? मी म्हटलं, नाही, मी माझ्या भाषेत भांडते. त्यांनी आतल्या खोलीतून आलेला त्याचा जबाब उघडला. आमच्यात भांडण कशावरून होतं, असं त्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला होता, “माझ्या पहिल्या बायकोवरून. ही मला कळू देत नाही, मी कळलं असं दाखवत नाही.”

बाकी दोन-तीन उत्तरं आमची चुकलेलीच होती. बाईंनी तरीही मंजुरीचा शिक्का मारला. म्हणाल्या, कागदासाठी लग्न करणाऱ्या बायका इथे रोज येतात, जळत कुणी नाही.

परवा लग्न झालं. साक्षीदार दोन लागतात. एक आश्रमातली माझी मुख्य परिचारिका, दुसरी बसवाली. मीच त्याला म्हटलं, तिला बोलव. दोन फेऱ्यांच्या मध्ये धावतपळत आली, सही केली, मला घट्ट मिठी मारली आणि बसकडे पळाली. पोटात दुखायचं थांबलंय असं समजू नका. पण घरी येताना मनात आलं, ज्या माणसाबरोबर उमेदीची वर्षं घालवली, त्याची सगळी माहिती हसत दुसरीच्या हाती द्यायची, हे तिला सोपं गेलं असेल का? आणि मग तुम्ही आठवलात. आपल्या भावाच्या मृत्यूचा ताजा दाखला काढायला उभ्या राहिलात, कशाला हवा म्हणून विचारलं तर चारचौघांत ते उत्तर दिलंत. तुमचा जीव जळला नसेल असं कसं म्हणू? तो जळू द्या. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही द्या, मला मराठी कळते.

शेवटी नोंदणी करणाऱ्याने विचारलं, आडनाव कोणतं लावणार? सुतार माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, आहे तेच राहील. म्हणजे यांचं, तुमच्या माहेरचं. इथल्या रजिस्टरात कुणाला ते नीट वाचताही येणार नाही, पण लिहिलं गेलं आहे.

 त्याच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. ते काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. खरं सांगते वन्सं, फार बरं वाटलं.

गुडघ्याला जपा. उत्तर लिहाल तेव्हा वर मायन्यात मला जे लिहीत होतात तेच लिहा.

तुमचीच,
वहिनी