हरवलेल्या वस्तूंचे कपाट आहे तिथेच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. शिस्त व निरीक्षण अधिकारी,
शालेय शिक्षण विभाग,
विभागीय कार्यालय.
(लिफाफा कृपया आपण स्वतःच उघडावा. टपाल पाहणाऱ्या लिपिकांनी राग मानू नये.)

अर्जदार : समुपदेशक, आपण गेल्या महिन्यात तपासून गेलात ती माध्यमिक शाळा.

विषय : हरवलेल्या वस्तूंचे कपाट समुपदेशन कक्षातून मुख्य कार्यालयात हलवण्याचा आदेश मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले आदेशपत्र, "विद्यार्थ्यांकडून वस्तू हरवण्याच्या चिंताजनक प्रमाणाबाबत".
२) आपली निरीक्षण भेट.
३) आपण शिपायाहाती पाठवलेला तोंडी निरोप (याचा खुलासा अर्जाच्या शेवटी येईल).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार खालीलप्रमाणे सविनय सादर करते.

१. या शाळेतली मुले विभागातल्या बाकी सगळ्या शाळांपेक्षा जास्त वस्तू हरवतात, असे आपल्या आदेशपत्रात म्हटले आहे. ते शंभर टक्के खरे आहे. अर्जदार ते नाकारत नाही. उलट तिला त्याचा थोडा अभिमानच आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप. आपले आदेश तीन. कपाट मुख्य कार्यालयात, मुख्याध्यापकांच्या दारासमोर ठेवावे. वस्तू न्यायला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांना दरवेळी लेखी कळवावे. आणि "आपल्या वस्तू कशा सांभाळाव्यात" यावर अर्जदाराने सर्व वर्गांना व्याख्यान द्यावे. तिसरा आदेश अर्जदार हसतमुखाने पाळील. पहिल्या दोहोंनी मात्र एका लेकराचा घात होईल, सबब हा अर्ज.

२. मुळापासून सांगायचे तर, दोन वर्षांपूर्वी आपल्याच विभागाचे परिपत्रक आले की एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांसाठी शाळेतच मानसिक आरोग्याची मदत सुरू करावी. म्हणजे साध्या भाषेत, ज्या मुलाला मुलगाच आवडतो, जिला मुलगी आवडते, किंवा सगळे जग ज्याला मुलगी म्हणते पण जो आतून मुलगा आहे, अशा मुलांना मनातले चार शब्द बोलायला शाळेत एक जागा असावी. परिपत्रक चांगले होते. अर्जदारास वऱ्हांड्याच्या टोकाची, जुने नकाशे ठेवायची खोली मिळाली. आमच्या मुख्याध्यापकांचा उत्साह तर काही विचारू नका. त्यांनी दारावर सात रंगांचा, बल्ब लावलेला, मैदानापलीकडून वाचता येईल असा फलक बसवला, आणि सकाळी सगळी शाळा रांगेत उभी असताना लाऊडस्पीकरवरून जाहीर केले, "ज्या ज्या विद्यार्थ्यांना ही सोय हवी आहे, त्यांनी अजिबात न लाजता हात वर करावा!" एकही हात वर नाही. शेवटच्या रांगेत एकाने नाक खाजवायला उचललेला हात अर्ध्यातच थांबवून खिशात घातला. मुख्याध्यापक खाली उतरून अर्जदारास म्हणाले, "बाई, आपल्याकडे एकही नाही हो. सुटलो म्हणायचं." माणूस मनाने सोन्यासारखा आहे, हे इथे मुद्दाम नमूद करते.

३. पुढचे अख्खे सत्र अर्जदार माश्या मारत बसली. नियमित येत ते एकटे संगीत शिक्षक. कक्षातला सोफा दुपारच्या डुलकीला उत्तम आहे, हा शोध त्यांनी लावला होता. मुले त्या वऱ्हांड्यातून जाताना भिंतीकडे तोंड करून पळत. कोण येणार त्या झगमगाटात? बिचारी आधीच काही न चोरता चोरासारखी जगणारी मुले, ती काय दिव्यांच्या माळेखालून आत शिरणार? अर्जदाराने एका सुट्टीत फलक स्वतःच्या हातांनी उतरवला आणि बल्ब उडाले असे वर कळवले. बल्ब उडाले नव्हते.

४. अशात शिक्षकखोलीला रंग द्यायचा निघाला आणि तिथले हरवलेल्या वस्तूंचे कपाट ठेवायला जागा हवी झाली. शिपाई मामांनी ते ढकलत ढकलत आणले. "बाई, आठ दिवस सांभाळा, मग नेतो." ते आठ दिवस अजून संपायचे आहेत. कपाटात जोडीदार नसलेले बूट, डबे, बाटल्या, टोप्या, आणि दातांची एक कवळी होती. कवळीबाबत शिक्षकवर्गाने आजतागायत मौन पाळले आहे.

दुसऱ्याच दिवशी वरच्या वर्गातली एक मुलगी दारात. "बाई, माझी पाण्याची बाटली हरवलीय." बाटलीचे बूच तिच्याच पाठीवरच्या दप्तरातून डोकावत होते. ते बोलून न दाखवण्याइतकी अक्कल अर्जदारास देवाने दिली आहे. दोघींनी मिळून मधली सुट्टीभर बाटली शोधली. जाताना मुलगी दारापर्यंत गेली, परत आली, "काही नाही" म्हणाली, पुन्हा दारापर्यंत गेली, आणि या खेपेला जे सांगायचे होते ते सांगितले. काय सांगितले, ते लिहिण्याचा अधिकार अर्जदारास नाही. त्यानंतर मात्र रीघ लागली. कुणी कुणाला काही सांगितले नाही, तरी सगळ्यांना कळले. कडक उन्हाळ्यात छत्री हरवली. दोन्ही पायांत बूट घालून आलेल्याचा डावा बूट हरवला. एक जण इतका घाबरलेला होता की धांदलीत "बाकडं हरवलंय" म्हणाला. अर्जदाराने चष्मा लावून, खालच्या कप्प्यापासून सुरुवात करून, बाकडे शोधले.

ज्यांचे खरेच काही हरवते अशी धांदरट मुलेही रोज येतातच, आणि खरी मेख तिथेच आहे. आत कोण टोपीसाठी आले आणि कोण बोलण्यासाठी, हे वऱ्हांड्यातून जाणाऱ्याला कळत नाही. म्हणून मुले येतात. कक्षाचे नियम इतकेच की दार लोटलेले राहील, नाव विचारले जाणार नाही, आणि वस्तूबद्दल खोदून चौकशी होणार नाही.

५. आता ज्याच्यासाठी अर्जदाराचा जीव टांगणीला लागला आहे, त्या लेकराविषयी. त्याला आपण गोलकीपर म्हणू. ते गोलकीपर नाही. त्याची हरवणारी वस्तू हातमोजा म्हणू. ती हातमोजा नाही. मुलगा की मुलगी हेही विचारू नये. आपल्यावर विश्वास नाही असे नव्हे, पण कागदाला पाय फुटतात.

हे लेकरू पहिल्यांदा आले तेव्हा डबा न खाता तसाच घरी नेत असे. वऱ्हांड्यात पोरे त्याच्या चालण्याची आणि आवाजाची नक्कल करत. घरी बापाच्या कानावर काहीबाही गेले होते आणि त्याने एका वाक्यात निकाल लावला होता, "आपल्या घरात असलं काही नसतं, नाटकं बंद." कक्षात आले की लेकरू कपाटात डोके घालून, अर्जदाराकडे पाठ करून, मोजा शोधत बसे. आणि एक दिवस कपाटालाच म्हणाले, "बाई, मला जगायचाच कंटाळा आलाय."

अर्जदाराने खुर्ची ओढून कपाटाशेजारी घेतली. त्या दिवशी त्या लेकराला एक क्षणही एकटे सोडले नाही, आणि आपलं माणूस कोण वाटतं, ते विचारले. "मावशी." मावशी आली ती घाईत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून, आणि सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कुठंय माझं बाळ? कुणी काही बोललं का त्याला?" त्याच संध्याकाळी दोघी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, उपचार आजही चालू आहेत. ज्यांना कळवायलाच हवे त्यांना अर्जदाराने तेव्हाच कळवले, लपवाछपवी केली नाही. आईला हळूहळू उमजू लागले आहे. बापाचे तोंड अजून वाकडेच आहे.

आज ते लेकरू डबा संपवते, आणि वर अर्जदाराच्या डब्यावर हात मारते. मुख्याध्यापकांच्या लाऊडस्पीकरची नक्कल तर अशी करते की संगीत शिक्षक झोपेतून दचकून उठतात. पण मोजा दर आठवड्याला हरवतोच. तो हरवला की अर्जदार निर्धास्त होते. एका आठवड्यात हरवला नाही तर तिला घास गोड लागेना. शेवटी कळले की लेकराला सर्दी झाली होती.

६. आता आपल्या आदेशाप्रमाणे काय होईल ते पाहावे. कपाट कार्यालयात जाईल. आमच्या हेडक्लार्कचा आवाज नुसता "या, बसा" म्हटले तरी बाहेरच्या फाटकापर्यंत जातो. ते विचारतील, "परत मोजा? अरे काय चाललंय काय! वडिलांचा फोन नंबर सांग!" दर आठवड्याला बापाच्या हाती शाळेचे पत्र पडेल. बाप विचारील, हा मोजा तिथेच कसा जातो? आणि मग लेकरू मोजा हरवणे बंद करील. बाटल्या, छत्र्या, डावे बूटही हरवणे बंद होईल. आपल्या तक्त्यात शाळेची प्रगती झकास दिसेल, विभागाकडून शाबासकीचे पत्र येईल, मुख्याध्यापक ते चौकटीत बसवतील. फक्त मुले कुठे गेली, ते कुणाला ठाऊक नसेल.

आदेशाची बातमी मुलांत पसरली आहे. गेल्या आठवड्यात फक्त ज्यांचे खरेच हरवले तेवढेच आले. लेकरू आले, पण दारातूनच विचारते झाले, "बाई, आता मोजा हरवायचा नाही का?" इतकी वर्षे नोकरी झाली, पण अर्जदारास इतके ओशाळवाणे कधी वाटले नव्हते.

७. सबब नम्र विनंती की कपाट कक्षातच राहू द्यावे आणि पालकांना पत्रे पाठवण्याचा आदेश मागे घ्यावा. व्याख्यान ठरल्याप्रमाणे होईल. मात्र ते मुलांनी मनावर घेऊ नये इतपत कंटाळवाणे करण्याची मुभा अर्जदारास असावी. संगीत शिक्षक पहिल्या रांगेत बसायला तयार आहेत, म्हणजे घोरण्याची सोय झाली.

८. आता संदर्भ क्र. ३. निरीक्षणाच्या दिवशी आपण सोबतच्या लिपिकांना प्रयोगशाळेतली बाकडी मोजायला धाडलेत आणि दार लोटून घेतलेत. कपाटाकडे बराच वेळ पाहिलेत. "इथे मुलं किती वेळ बसतात?" असे विचारलेत. "बसवेल तितका वेळ," असे अर्जदार म्हणाली. आपण उठलात, दारापर्यंत गेलात, परत आलात, "काही नाही" म्हणालात, आणि गेलात. टेबलावर आपले चष्म्याचे घर राहिले. चष्मा आपल्या नाकावर होता. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने ते शिपाई मामांकडून पाठवले, तर मामा ते तसेच परत घेऊन आले. म्हणाले, "साहेब म्हणाले, राहू दे तिथंच. मीच येईन एकदा." त्यानंतर आदेशपत्र आले. ते कार्यालयाच्या नेहमीच्या गठ्ठ्यात सहीला गेले असावे, असे अर्जदार धरून चालते.

अर्जदार याबाबत कोणताही तर्क करत नाही. परंतु कपाटाची जबाबदारी तिच्याकडे असल्याने एक अडचण निदर्शनास आणणे भाग आहे. आदेश क्र. १ प्रमाणे आपले चष्म्याचे घर मुख्य कार्यालयात, हेडक्लार्कांच्या समोर जाईल. आदेश क्र. २ प्रमाणे आपल्या पालकांना लेखी कळवावे लागेल. तरी आपल्या मातोश्रींचा पत्ता कळवावा, अथवा आदेश मागे घ्यावा.

निर्णय होईपर्यंत ते घर वरच्या कप्प्यात, हातमोज्याशेजारी ठेवले आहे. मधल्या सुट्टीत गर्दी असते, पण शाळा सुटल्यावर कक्षात कोणी नसते. आपण स्वतःसाठी आलात की घरच्या कुणासाठी, हे विचारले जाणार नाही. वस्तू सापडायला लागेल तेवढा वेळ लागू द्यावा. अर्जदारास घाई नाही.

कपाटाची किल्ली आणि आपली वाट, दोन्ही सांभाळून असलेली,

आपली नम्र,
(सही)
समुपदेशक

दिनांक : आदेशाची मुदत संपण्याच्या आधीचा सोमवार.

सोबत :
१) आदेशपत्राची प्रत.
२) कवळीचे वर्णन, विभागात कुणाची असल्यास.
३) चष्म्याचे घर जोडलेले नाही. आपल्या निरोपाप्रमाणे ते तिथेच आहे.