टेंभुर्णीचे उघडे टॅग

४ नोव्हेंबर, सोमवार
भाऊबीज उरकली आणि आज जालन्याहून टेंभुर्णीला आले. नोकरी झकास! इथल्या एका गल्लीतल्या घरांची वंशावळ आमच्या संस्थेला वेबसाइटवर टाकायची आहे. रखमाजी नावाचे आजोबा बारा वर्षं ती एक्सएमएलमध्ये टाइप करताहेत. प्रत्येक माणसाला एक सुरुवातीचा टॅग, म्हणजे कंसातली खूण, एक शेवटचा, मधे त्याची माहिती. ती फाइल वाचणारा प्रोग्राम मी लिहायचा. खोली दैवशालाकाकूंकडे मिळाली. आईने करावा तसा आग्रह करून त्यांनी तिसरी भाकरी वाढली. रखमाजींनी माझंही नाव फाइलच्या शेवटी घातलं. गल्लीत राह्यली म्हंजी गल्लीचीच, म्हणाले.

६ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. पार्सर, म्हणजे माझा फाइल वाचणारा प्रोग्राम, ओळ ४१२ वर अडून बसलाय. गोजरबाईंचा टॅग उघडलाय, बंदच केलेला नाही. एक टॅग उघडा राहिला की हा पठ्ठ्या पुढचं अक्षर वाचत नाही. रखमाजींना विचारलं तर म्हणाले, जित्या माणसाचा टॅग बंद करीत न्हाईत. माणूस गेला की मंग करायचा. आता काय बोलायचं, कप्पाळ! बारा वर्षांचं काम आणि ही पद्धत. मीच बंद केला.

७ नोव्हेंबर
गोजरबाई सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या गेल्या. नव्वदीच्या होत्या. वाईट वाटलं.
पार्सर आता ओळ ६३० वर. मच्छिंद्र, शिक्षक, वय एकेचाळीस. बंद केला. असे अजून अडतीस आहेत. एकेक करत बसायला मला वेळ नाही.

८ नोव्हेंबर
सकाळीच उरलेले टॅग एकदम बंद करणारा छोटा प्रोग्राम चालवला. सगळे टॅग बंद, एकही एरर नाही! चहा प्यायला बाहेर आले तर गल्लीत गर्दी. मच्छिंद्र सर हसनाबादच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडले. जागीच.
रखमाजी धावत आले. काय करून बसली पोरी, म्हणाले. मी चिडले. योगायोग आहे, म्हटलं.

९ नोव्हेंबर
रखमाजी गेले. फाइलमध्ये मच्छिंद्र सरांच्या खालचीच ओळ त्यांची.
टॅग परत उघडतेय. सेव्ह करते, फाइल उघडते — पुन्हा बंद. प्रोग्राम काढून टाकला. साध्या एडिटरमध्ये केलं. तरी बंद. कुठून होतंय हे? कोण करतंय?

११ नोव्हेंबर
काल तीन. आज सकाळपासून सात. ओळीनेच. मी केलंय हे. दैवशालाकाकू ओळ ९०२. त्यांचा टॅग शंभरदा उघडला. त्यांना सांगितलं, जालन्याला चला. हसल्या. आधी जेव, म्हणाल्या —

१२ नोव्हेंबर
काकू. भाकरी थापता थापता. तवा अजून गरम आहे.

१३ नोव्हेंबर
काकूंच्या वरचे उरलेले सगळे परवा रात्रीतच गेले, आता खाली फक्त माझी ओळ. रखमाजी बरोबर होते, उघडं ठेवायचं. म्हणून ही नोंद बंद करायची नाही, पूर्णविराम द्यायचा नाही, नुसतं लिहीत राहायचं, शीतल लिहिते आहे, शीतल अजून लिहिते आहे, शीतल अजून