पुस्तकातल्या सुताराचा स्वभाव

दि. ११ नोव्हेंबर

चि. बेबी हीस,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. डावा गुडघा दुखतो, परंतु पत्रात लिहावे इतका नाही. जावईबापूंना नमस्कार सांगावा.

तू लिहिलेली कादंबरी आणि सोबतचे तिच्या परीक्षणाचे कात्रण पोहोचले. कादंबरी दोनदा वाचली. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसास वेळ लागतो. एकवीस दिवस लागले. तू चांगले लिहितेस. हे पूर्वीच सांगावयास हवे होते.

कात्रणात एका प्राध्यापक बाईंनी तुझ्या कादंबरीतील सुताराचा स्वभावप्रकार ठरवला आहे. माणसांचे त्यांनी चार प्रकार केले असून सुतारास 'कार्यमग्न' या खणात बसवले आहे. असा माणूस निष्ठुर नसतो, कामात बुडाला की त्याला जग ऐकू येत नाही. म्हणून आतल्या खोलीत बायको शेवटचे श्वास घेत असताना तो रंधा मशीन चालवत राहिला यात त्याचा दोष नाही, असे त्यांचे म्हणणे.

केस कापावयास गेलो तेव्हा न्हाव्याने ते कात्रण माझ्या खिशातून काढून सर्वांसमोर मोठ्याने वाचले.

"काका, हे तर तुमचंच वर्णन! तुम्हाला हाका मारून आमचा घसा बसतो."

"तू कात्री चालव, तोंड नको," मी म्हणालो.

"बघा, लगेच राग! अहो, पण बाईंनी चांगलंच लिहिलंय. निर्दोष सोडलंय तुम्हाला."

सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी जेवण गेले नाही.

तू परवा आलेल्या पत्रात लिहितेस, 'बाबा, आई आजारी असताना मशीन चालू ठेवलंत म्हणून इतकी वर्षं राग धरला. लिहिताना उमगलं, तुम्हाला तिची हाक ऐकूच आली नव्हती, मग तुमचा काय दोष? आता एकटे राहू नका. तुमची खोली तयार आहे. रविवारी गाडी पाठवते.' हे मी बाईंच्या लेखापेक्षा अधिक वेळा वाचले.

पुस्तकात कामाची एक चूक आहे. पृष्ठ बावन्नवर सुतार जोडून झालेल्या कपाटाच्या दारांवर रंधा चालवतो. तसे कोणी करत नाही. कपाट उभे राहिले की रंध्याचे काम संपलेले असते. तुझी आई गेली त्या दिवशी एका वकिलांचे कपाट पॉलिशला आले होते. पॉलिश हाताने करतात. कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून फिरवावयाचा. एका दारावर हात सुरू केला की ते पूर्ण होईपर्यंत थांबता येत नाही. थांबले तर तेथे डाग धरतो.

त्याचा आवाज होत नाही.

तुझी आई प्रथम म्हणाली, "अहो, जरा येता का?" मी म्हणालो, "आलो." तिला दमा होता, दिवसातून दहा वेळा बोलवीत असे. मग म्हणाली, "अहो, उठवून बसवा मला." मी म्हणालो, "आलो म्हटलं ना! एवढं दार होऊ दे." तिसऱ्यांदा नुसतेच "अहो" म्हणाली. त्यानंतर घरात शांतता झाली आणि, खरे तेच लिहितो, मला बरे वाटले. दार पूर्ण केले. हात धुतले. मग आत गेलो.

तू शाळेतून आलीस तेव्हा डॉक्टर विचारीत होते, "तुम्ही घरातच होतात ना?" मी म्हणालो, "मशीन चालू होतं." तू दप्तर पाठीवर तसेच ठेवून उंबऱ्यात उभी होतीस. तेथून ते वाक्य तुझ्या पुस्तकात गेले. तेव्हा चूक तुझी नव्हे.

वकिलांनी दारावरून हात फिरवून पाहिला. कोठेही डाग नव्हता. ते तसे म्हणाले, आणि मला अभिमान वाटला. तेव्हा तिला जाऊन नऊ दिवस झाले होते.

प्राध्यापक बाईंना कळवावे की सुतारास ऐकू येत होते. वकिलांनी त्याच्या कामास नाव ठेवू नये, हे त्याला त्या हाकेपेक्षा मोठे वाटले. अशा माणसाचा खण त्यांच्या चार खणांत मला सापडला नाही.

हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हाती पडावे म्हणून आजच टपालात टाकत आहे. तू खोली तयार केलीस ती एका निर्दोष माणसासाठी. तो माणूस मी नव्हे. गाडी आली नाही तर कारण विचारणार नाही. आली तर येईन.

लोभ असावा, असे वडिलांनी मुलीस लिहावयाचे नसते. तो गृहीत असतो. या पत्रापुरता मी तो गृहीत धरलेला नाही.

तुझे वडील