गच्चीवरचं निळं पाणी

२ एप्रिल

गच्ची आता माझी राहिली नाही! वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या शिवकन्येनं माझी कुरडयांची जागा पटकावली—तिच्या संशोधनासाठी. काचेचे दोन ट्रे, दोन्हींत कापडाच्या रंगाचं निळं पाणी. एकात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड. दुसऱ्यात तीच, पण नायट्रोजन मिसळून पिवळसर झालेली.

"मावशी, पांढरीला उन्हातला जरासाच भाग वापरता येतो. पिवळीला जास्त. उन्हात रंग मोडून पाणी स्वच्छ व्हायला हवं."

ती कॉलेजला गेली की धूळ उडते, कावळे येतात. मग मी ट्रेंवर जुनी साडी चौपदरी करून टाकते. उघडं काही दिसलं की सोलापूरच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आठवतात—प्रत्येक तांब्यावर मण्यांची विणलेली जाळी! किती गोड दिवस. ती यायच्या आधी साडी काढते. पोरीला कशाला संकोच.

५ एप्रिल

पाणी निळंच.

८ एप्रिल

अजून निळंच! शिवकन्या जेवली नाही. उमरग्याहून वडिलांचा फोन—शांतलिंगअप्पांचं हायवेला टायरचं दुकान. आवाज खालपर्यंत आला: "लई झालं शिक्षण. रविवारी गाडी घेऊन येतो. पाणी न्हाय बदललं तर सामान बांध. स्थळ बघू."

हे गेल्यापासून आत्ता कुठं जिन्यावर पावलं वाजायला लागली होती.

९ एप्रिल

सकाळी म्हणाली, "पूडच चुकली, मावशी. इतकं कडक ऊन, तरी—"

"ऊन लागतंय की! साडीखाली कुरडया नाहीत का वाळत?"

"कुठली साडी?"

सांगितलं. बघतच राहिली. "अहो मावशी, ऊब नको, उजेड हवा!" आणि खाली बसून हसत सुटली. मग रडली. मग परत हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं!

नवं पाणी भरलंय. कावळे हाकायला मी स्वतः बसलेय, छत्री घेऊन. "तिची सावली पाडू नका हं!"—जाताना टोमणा मारून गेलीच.

१२ एप्रिल

पूड तळाशी बसली—आणि पिवळीचं पाणी माठातल्यासारखं नितळ! पांढरीचं अजून निळसर. शिवकन्येनं मला उचलून गिरकी घेतली. या वयात!

१३ एप्रिल, रविवार

शांतलिंगअप्पा ट्रेपाशी उकिडवे बसले. एकदा पांढरीचं पाणी बघितलं, एकदा पिवळीचं. मग मला म्हणाले, "अक्का, वर अजून एक पलंग मावंल का? धाकटीची बी बारावी झाली."